चारशे फुटांचा खोटा हिशेब

सणासुदीच्या दिवसांत भांडण काढू नये, असे माझी आई सांगत असे. फराळाचे ताट पुढे असताना कोणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणे वाईटच. तरीही या दिवाळीला मी भांडायला उभा राहिलो आहे. माझे भांडण माझ्या गावाशी आहे, तुम्हां वाचकांशी आहे आणि सर्वांच्या आधी माझ्या स्वतःशी आहे. तेव्हा करंजी हातात असू द्या, पण जरा ऐकून घ्या.

तुमच्या शेतात, वाडीत किंवा शहरातल्या इमारतीच्या आवारात बोअर असेल. उन्हाळ्यात त्याच्याच जिवावर तुमचे दिवस निघत असतील. तो बोअर ज्यांनी मारला, त्यांपैकी एकाचे तरी नाव तुम्हाला ठाऊक आहे काय? पाणाड्याचे नाव ठाऊक असते. पूजा सांगणाऱ्या भटजींचे ठाऊक असते. मोटार कोणत्या कंपनीची, तेही तोंडपाठ असते. पण रात्रभर धुळीत उभे राहून ज्यांनी दगड फोडला, ते कोण? "होते कोणी लुंगीवाले." "मद्रासी होते." "गाडीवाले अण्णा होते." बस्स, एवढेच.

आमच्या घरात थोरल्या काकांना अण्णा म्हणतात. तमिळ भाषेतही थोरल्या भावालाच अण्णा म्हणतात. शब्द एक आणि अर्थही एक. आपण मात्र ही हाक थोरल्या भावाला मारावी तशी मारीत नाही. हॉटेलातल्या पोऱ्याला मारावी तशी मारतो. एवढा चांगला शब्द आपण शिवीच्या पंगतीला नेऊन बसवला आहे. माझ्या तक्रारीची सुरुवात इथून आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी मॅट्रिक. १९९६ साली परीक्षा पास झालो आणि पुढचे शिक्षण घरच्या परिस्थितीने राहून गेले. आमचा मुलूख माणदेश. पावसाने कायमची पाठ फिरवलेला. २००३ साली तर तो असा काही रुसला की गावच्या विहिरी भाद्रपदातच तळाला गेल्या आणि जनावरे छावणीला न्यावी लागली. त्या साली मी एका बोअरच्या गाडीवर कामाला लागलो. गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. नामक्कल जिल्ह्यातले हे गाव. डोंगरावर अर्धनारीश्वराचे प्राचीन देऊळ आणि डोंगराखाली बोअरच्या गाड्यांचा धंदा, अशी त्याची ख्याती. तिथल्या गाड्या देशभर फिरतात. माझे काम हलके होते. किती रॉड जमिनीत गेले ते मोजायचे, वहीत रेघा ओढायच्या आणि शेतकऱ्याशी मराठीतून बोलायचे. लिहिता येणारा गावचा पोरगा म्हणून मला ठेवले होते.

ज्यांनी हे काम लांबूनच पाहिले आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन लॉऱ्या असतात. एकीवर उभा करायचा लोखंडी मनोरा, दुसरीवर रॉड, डिझेल आणि टोळीची भांडीकुंडी. दाबलेली हवा पोकळ रॉडांतून खाली जाते आणि तळाच्या हॅमरला ठोके मारायला लावते. हॅमरच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडच्या गुंड्या बसवलेले बिट असते. ते ठोकत आणि फिरत दगड फोडते. तीच हवा दगडाची भुकटी वर फेकते. वीस फुटांचा एक रॉड आत गेला की दुसरा जोडायचा. वर जिथे माती ढासळते, तिथे केसिंगचा पाइप घालायचा. आवाज असा की शेजारचा माणूस ओरडला तरी फक्त तोंड हललेले दिसावे. धूळ अशी की तासाभरात काळा माणूस आणि गोरा माणूस एकाच रंगाचे व्हावेत. माणसामाणसांतला रंगभेद मिटवण्याची ही रीत मात्र मी कोणाला सुचवणार नाही. ती धूळ छातीत जाते. ग्रॅनाइटच्या मुलखात तर तिच्यात सिलिका फार. तिने होणाऱ्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो एकदा जडला की बरा होत नाही. आमच्या टोळीच्या तोंडावर मास्क नव्हता. टॉवेल गुंडाळलेला असे.

टोळीत सात माणसे होती. मशीन चालवणारा तो अण्णा. त्याचे नाव मला ठाऊक आहे. पण त्याला विचारल्यावाचून ते छापण्याचा मला अधिकार नाही. तो मला तंबी म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. भुकटीच्या रंगावरून तो खालचा दगड वाचीत असे. आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच गेरूसारखा तांबडा थर. मूठभर भुकटी तळहातावर घेऊन मोडक्या हिंदीत तो सांगे, "तुमचा कल्लु काळा, मध्येच मऊ पडतो. आमच्याकडचा कल्लु सगळाच हट्टी." कल्लु म्हणजे दगड. पुढे पुस्तकांतून मला कळले की आमचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आणि त्याच्या मुलखातला पुष्कळसा दगड अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. हे आकडे अण्णाने कुठे वाचले नव्हते, पण दोन्ही दगड त्याच्या हातांनी तपासले होते.

सकाळी भेटताच त्यांचा पहिला प्रश्न असे, "साप्टिया?" जेवलास का? राम राम नाही, नमस्कार नाही. आधी पोटाची चौकशी. लॉरीच्या सावलीत भात शिजे, चिंचेचे रसम उकळे. मी घरून भाकरी आणि लसणाची चटणी नेई. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी रसमात बुडवून खाल्ली तेव्हा मला हसू आले. आठवड्याने मीही तशीच खाऊ लागलो. टोळीत माझ्याहून लहान एक पोरगा होता. लॉरीच्या दारावर बसलेल्या धुळीत मी त्याला बोटाने मराठी अक्षरे काढून दाखवी. तो मला त्याची दाखवी. त्यांच्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांचे काम एकाच अक्षरावर भागते, याची मी फार थट्टा केली. मग त्याने मला 'तमिळ' या शब्दातले शेवटचे अक्षर त्यांच्यासारखे म्हणायला लावले. माझी जीभ टाळूवर नुसती गडबडा लोळू लागली आणि सातही जण पोट धरधरून हसले. माझा पहिला शिष्य तोच, आणि पंतोजी म्हणून माझी पहिली फजिती झाली ती त्याच्याचसमोर.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती मी बावीस वर्षे टाळली.

धनत्रयोदशीच्या दिवशी गाडी एका बागाईतदाराच्या शेतात लागली. जागा पाणाड्याने दाखवली होती. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिलेला साऱ्या गावाने पाहिला होता. शंभर फूट गेले, दोनशे गेले, तीनशे गेले. भुकटी कोरडी ती कोरडीच. अण्णा मला म्हणाला, "विचार त्यांना, थांबायचं का?" मी विचारले. बागाईतदार म्हणाला, "मारा अजून." शेवटी चारशेवर थांबायला सांगितले. वीस फुटी वीस रॉड. माझ्या वहीत वीस रेघा.

आणि मग सुरू झाले. पाणाड्याला कोणी शब्दाने दुखवले नाही. तो आपल्यातला होता. खालच्या दगडाला शिव्या देऊन उपयोग नव्हता. उरले हे सात जण. "लुंगीवाल्यांनी मुद्दाम कोरडं ठेवलं." "ह्यांना फुटाचं पैसं पायजेत, पानी लागलं काय न् न लागलं काय!" कोणी लॉरीची किल्ली काढून घेतली. त्या लहान पोराच्या कानशिलात बसली. त्यांच्याजवळचे प्यायचे पाणी संपले होते. कळशी घेऊन टाकीवर गेलेल्या माणसाला परत पाठवले. "आधी हिशेब, मग पानी."

तेव्हा चार शहाण्यांनी तोड काढली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चारशे कशाला लिवतूस? तीनशे चाळीस लिव. शिकल्याला हाईस, आपला मानूस हाईस." मी तीन रेघा खोडल्या. साठ फूट. तेवढ्याने तंटा मिटला, किल्ली मिळाली, मंडळी लक्ष्मीपूजनाच्या तयारीला घरी गेली. गाडीच्या मॅनेजरने मात्र ही खोट टोळीच्या मजुरीतून कापून घेतली, ते मला नंतर कळले. अण्णाला मराठी वाचता येत नव्हते. पण रेघा मोजता येत होत्या. त्याने वही पाहिली, मिटली आणि माझ्या हातात दिली. रात्री उशिरा मला म्हणाला, "साप्टिया?"

कोणी म्हणेल, जुनी गोष्ट आहे, तरुणपणी भीतीपोटी माणसाकडून चूक होते. होते खरी. पण मला कोणी धमकी दिली नव्हती. मला फक्त "आपला माणूस" म्हटले होते. त्या दोन शब्दांसाठी मी सात माणसांची मजुरी खोडली. हे दोन शब्द फार प्रेमळ वाटतात, पण दुसऱ्याला परका ठरवल्यावाचून ते उच्चारताच येत नाहीत. माझा राग या दोन शब्दांवर आहे.

आपले-परकेपणाचे वकील आपल्याकडे पुष्कळ. त्यांचे तीन मुद्दे मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, तेव्हा त्यांना उत्तर देतो.

पहिला मुद्दा, बाहेरचे लोक येऊन आमच्या पोरांची कामे बळकावतात. मुंबईत १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच नावाखाली दक्षिणेकडच्या माणसांविरुद्ध घोषणा झाल्या. शहरातल्या कचेऱ्यांची गोष्ट मला ठाऊक नाही. मी बोअरच्या गाडीचे बोलतो. त्या साली आमच्या गावचा आणखी एक पोरगा गाडीवर आला होता. तिसऱ्या रात्री तो सायकल घेऊन पळाला. मीही पाच महिन्यांत सोडले. जे काम आपण टाकले, ते दुसऱ्याने उचलले तर त्याने बळकावले म्हणणे हा कुठला न्याय?

दुसरा मुद्दा, हे गाडीवाले फूट चोरतात. चोरणारे असतीलही, धंद्यात लबाड कुठे नसतात? पण माझ्या डोळ्यांदेखत फूट चोरले गेले ते एकदाच, आणि ते आमच्या वहीत, आमच्या पेन्सिलीने, मराठीतून.

तिसरा मुद्दा, यांनी जमीन चाळणी केली, पाणी पाताळात घालवले. हा मुद्दा खोटा नाही, पण तो भलत्याच्या माथी मारलेला आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजलाचा कायदा आहे. साठ मीटर किंवा त्याहून खोल विहीर शेतीसाठी वा कारखान्यासाठी घेऊ नये, असे त्यात आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आतबाहेर. तरीही चारशे, सहाशे फुटांवर जायला कोण सांगते? गाडी वाट चुकून कोणाच्या उसात शिरत नाही. आपण आगाऊ पैसे देऊन बोलावतो, नारळ फोडतो, "मारा अजून" म्हणतो, आणि पाणी आटले की लुंगीकडे बोट दाखवतो.

"आमची जमीन, आमचे पाणी" म्हणणाऱ्यांनी गावच्या चौकातला हातपंपही एकदा नीट पाहावा. मिशनऱ्यांच्या खटपटीतून जालन्याला एक पंप घडला, सोलापूरला त्याहून मजबूत घडला. सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. त्याची परीक्षा झाली कोइंबतूरकडे आणि तो कारखान्यात ओतला गेला मद्रासला. पुढे तो देशभर आणि देशाबाहेरही गेला. त्या दांड्याला लोंबकळून पाणी काढताना तुमच्या आजीने कधी विचारले होते काय, की यातले मराठी लोखंड किती आणि तमिळ किती?

आता जरा उलट्या बाजूने पाहू. आमच्या माणदेशातली आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीकडची हजारो माणसे गलाईच्या धंद्यात आहेत. सोन्याचांदीची आटणी आणि शुद्धीकरण करायला ती देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली, तमिळनाडूतही गेली. माझा एक चुलतभाऊ सेलमला असतो. त्याच्या घरमालकाने दुष्काळी मुलखातून आलेल्या या पोराला पहिल्या महिन्याचे भाडे मागितले नाही, हे तो दर यात्रेला सांगतो. आम्ही सारे कौतुकाने ऐकतो. तंजावरला आपली मराठी मंडळी १६७० च्या दशकापासून नांदली, हे सभेत सांगताना आमची छाती फुगते. म्हणजे आपला माणूस त्यांच्याकडे गेला की तो पराक्रम, आणि त्यांचा माणूस आपल्याकडे आला की ती घुसखोरी! सेलमच्या घरमालकाने माझ्या भावाला "आधी हिशेब, मग पाणी" म्हटले असते, तर आम्ही गावात सभा भरवली असती.

परराज्यात राबणाऱ्या मजुरांसाठी संसदेने १९७९ साली कायदा केला होता. प्रवासभत्ता, विस्थापनभत्ता, राहण्याची सोय, सारे त्यात होते. २००३ साली तो लागू होता. आमच्या गाडीवर त्याचे नावही कोणी ऐकलेले नव्हते. आता गाड्यांवर तमिळ पोरे कमी दिसतात. छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, बिहारकडची दिसतात. "अण्णा"च्या जागी "ए भैया" आले आहे. हाक बदलली, वागणूक तीच. पुढेही कायदे होतील, व्हावेत. पण कळशी घेऊन आलेल्या माणसाला टाकीवरून परत पाठवू नये, हे सांगायला संसद कशाला हवी?

ज्या रात्री त्यांना टाकीवरून परत पाठवले, त्या रात्री शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी धनगरीण अंधारात दोन घागरी घेऊन आली होती. तिच्या स्वतःच्या घरी टँकरचे पाणी. मी म्हटले, "आजी, तुमाला पुरंल का?" ती म्हणाली, "पान्याला न्हाई म्हनू ने, बाबा." तिला कायदा ठाऊक नव्हता, आणि त्यांची भाषाही कळत नव्हती.

एक घागर प्यायला ठेवली. दुसरी पहाटेसाठी. कारण त्यांचीही दीपावली नरकचतुर्दशीचीच. पहाटे उठून तेल लावून न्हायचे, तोच नरकासुर, तेच अभ्यंगस्नान. त्या दिवशी ते एकमेकांना विचारतात, "गंगास्नानम् आच्चा?" गंगास्नान झाले का? घरातले कुठलेही पाणी त्या पहाटे गंगाच होते, असा त्यांचा भाव. धनगरणीची ती गंगा वाट्याला आली तांब्या-तांब्या. आधी अण्णाने सर्वांच्या डोक्याला तेल लावले, वडीलधाऱ्याने लावावे तसे. शेवटी मला बोलावले. मी मागे सरलो. तो म्हणाला, "वा, तंबी." ये. आदल्या दिवशी ज्याची मजुरी मी खोडली होती, त्याने माझ्या टाळूवर तेल थापले. त्याने मला माफ केले की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या रीतीत धाकट्याला तेलावाचून ठेवता येत नव्हते, एवढेच मला कळले.

पुढे मी वस्तीशाळेवर शिक्षक झालो, कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत हा प्रसंग कुठेही घातला नाही. कादंबरीत मी तो बदलला असता आणि मुलाकडून चारशेच लिहवून घेतले असते. तिरुचेंगोडच्या पत्त्यावर एकदा मनीऑर्डर पाठवली होती. घेणारा सापडला नाही म्हणून ती परत आली. साठ फूट अजून माझ्याकडे बाकी आहेत.

तेव्हा माझे मागणे मोठे नाही. या वर्षी तुमच्याकडे गाडी लागली, तर आधी टोळीतल्या प्रत्येकाचे नाव विचारा. पाणी लागो न लागो, ठरलेल्या फुटांचे पैसे पुरे द्या; दगड कोरडा निघाला तरी घाम कोरडा नसतो. त्यांच्या तोंडावर मास्क नसेल, तर गाडीच्या मालकाला जाब विचारा, आणि तो येईपर्यंत काम थांबवा. जेवायला ओसरीवर बसवा, गोठ्यात नव्हे. आणि हिशेबाच्या वहीवर कोणी "आपला माणूस" बसलेला असेल, तर त्याच्या पेन्सिलीवर लक्ष ठेवा. मी तिथे बसलो होतो, म्हणून सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी दरवर्षी फळ्यावर एक गणित घालतो. वीस फुटांचा एक रॉड, असे वीस रॉड, तर खोली किती? मुले एका सुरात म्हणतात, "चारशे!" मी विचारतो, "नक्की?" पुष्कळ दटावून विचारतो. एखादा भित्रा गप्प बसतो. बाकीचे ओरडून सांगतात, "गुरुजी, चारशेच!"

तुमचे गंगास्नान झाले असेल. ज्याने ते पाणी वर काढले, त्याचे झाले का, एवढे एकदा विचारून या.